मराठी तासाच्या चपला

आमचे शेजारी उपेंद्र साळवे मूळचे नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती, आणि हट्टाला पेटले की माझ्या सासूबाईंच्या वरताण. इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या एका चर्चच्या आवारात रविवारच्या मराठी उपासनेचा तास तेच सांभाळतात. जमीन शेखसाहेबांनी दिलेली, मॅनेजर मल्याळी, शेजारच्या हॉलमध्ये फिलिपिनो गाताहेत, आणि मधल्या खोलीत साळवे पेटीवर मराठी भजन म्हणताहेत. या देशात सगळेच येऊन वसलेले. पण नोकरी सुटली की व्हिसा संपतो. मंडळी गळत गेली. साळव्यांची बायको वारल्यापासून घरात मराठी बोलायलाही कोणी उरलं नाही, कारण लेक मिहिका इंग्रजीतच उत्तर देते. तो तास गेला तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

आणि मॅनेजर वर्गीसने सांगितलं, "साळवेजी, लोग बहुत कम हैं. इस संडे देखूँगा, नहीं तो टाइम नेपाली लोगों को."

वर्गीस उपासना चालू असताना आत येत नाही. आपली माणसं चपला दाराबाहेर काढतात, त्या ढिगावरून तो गर्दी ओळखतो. शनिवारी साळवे पिशवी घेऊन माझ्या दारात.

"वासंतीताई, जुन्या चपला द्या. उद्यापुरत्या."

"देवाच्या दारात लबाडी?"

"माणसं नाहीत, निदान चपला तरी दिसू देत!"

मी दिल्या. अख्ख्या इमारतीने दिल्या. वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या अन्वरभाईंनी तर सेफ्टी बूट दिले, आणि रविवारी सकाळीच त्यांना ड्यूटीचा फोन आला.

"ताई, बुटांशिवाय रुवैसच्या रिफायनरीच्या गेटवर सोडत नाहीत हो! यल्ला, चला!"

तेवढ्यात इमारतीच्या ग्रुपवर मिहिकाचा मेसेज आला: "धिस इज फ्रॉड. प्लीज कलेक्ट युअर शूज."

सगळे चर्चकडे धावले. खोलीत जेमतेम चार माणसं, आणि साळवे डोळे मिटून बायकोच्या आवडीचं भजन म्हणत होते. भजन चालू असताना मधे बोलायचं नाही, हे वळण आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. पायातल्या चपला काढून आम्ही मुकाट्याने आत बसलो. अन्वरभाई डोळे पुसत होते. मीही रडले, लपवायचं कशाला? साळव्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा सूरच हरवला.

एवढ्या पावलांचा आवाज कसला म्हणून वर्गीस पहिल्यांदाच दार उघडून आत डोकावला. खोली भरलेली! "खलास," त्याने विषय मिटवला, "टाइम आपका." मग बाहेरच्या ढिगाकडे वळला. तिथे जुन्या चपला होत्याच, वर आमच्या पायातल्याही.

"लेकिन इतनी चप्पल? बाकी लोग किधर हैं?"

साळवे उठून दाराशी आले. "गाँव चले गए."

ढिगाच्या कडेला एक निळ्या पट्ट्यांची बायकी जोडी नीट जुळवून ठेवलेली होती. ती मी ओळखली, साळव्यांच्या बायकोची.

"और ये?" वर्गीसने विचारलं.

"ये भी," साळवे म्हणाले, आणि ती जोडी उचलून आत घेऊन गेले.