मरायचा पलंग

नाटकात रोज ज्या पलंगावर मी मरायचे, तो आमच्या सुतारदादांनी बनवला होता. मी मेले की पडदाही तेच ओढायचे. नाटक मंडळी बंद पडली आणि पलंग माझ्या घरी आला.

परवा पाठीसाठी लेटेक्सची गादी घेऊन त्यावर टाकली, तर ती मधोमध खचली. मुलगा म्हणाला, "मोडीत काढ हा पलंग." मी दादांना बोलावलं.

गादी उचलून ते हसले. "बाई, तुम्ही दहा मिनिटांत मरायचात. तेवढ्यापुरत्याच पट्ट्या ठोकल्या होत्या!"

ऐंशीच्या घरातल्या त्या हातांनी दोन-दोन बोटांच्या अंतरावर नव्या पट्ट्या बसवल्या, मधे पाचवा पाय दिला. पूर्वी रंगमंचाच्या फळ्या तपासायचे, तसं पट्ट्यांवर चालून पाहिलं. मग गादी टाकली.

"झोपा."

पाठ सरळ टेकली. सवयीनं मी डोळे मिटले, आणि दादांनी हळूच खिडकीचा पडदा ओढला.