उंबऱ्याबाहेरचं स्वप्न

आमच्या बेटावर सकाळी कुणी कुणाला ‘चहा झाला का’ असं विचारत नाही. ‘काही दिसलं का’ असं विचारतात. म्हणजे स्वप्नात. आणि विचारणाऱ्याच्या तोंडात तोवर पाण्याचा थेंबही गेलेला नसतो.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. सोलापूर जिल्ह्यात समुद्र कुठून येणार? धरण झालं, भीमेचं पाणी फुगत आलं, जुनं गाव बुडालं आणि टेकाडावरची पंधरा-वीस घरं तेवढी वर राहिली. त्यांना काठावर जागा मिळत होती. ती गेली नाहीत, कारण त्यांची माणसं टेकाडावर पुरलेली होती. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही मांडी घालून बसवून. म्हणून बेटावर ‘अमका वारला’ असं म्हणत नाहीत, ‘बसला’ म्हणतात. बसलेल्यांना सोडून उभ्यांनी कुठं जायचं, असा एकूण हिशेब.

मी सोलापूर शहरातली. वडील रेल्वेत, होटगीला. आजी दुधनीची. ती स्वप्नाला कानडीत ‘कनसु’ म्हणायची आणि वाईट पडलं तर सकाळी ते भिंतीला सांगून मोकळी व्हायची. त्यापलीकडे स्वप्नांशी आमच्या घराचा संबंध नव्हता. माझा नवरा मोडनिंबला डाळिंबाच्या पॅकिंगवर कामाला होता. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले, ‘घराला चारी बाजूंनी पाणी आहे.’ माझ्या आईला वाटलं, बागायतदार असतील.

पहिल्या महिन्यातच मला समजलं की इथं स्वप्न ज्याला पडतं त्याचं नसतं. ज्याच्याविषयी पडतं, त्याचं असतं. ते त्याला नेऊन द्यायचं, तेही तोंडात पाणी घेण्याआधी, त्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. त्यानं ऐकून घ्यायचं आणि आणणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. होडी बांधायच्या जागेवरून दोन चुलतभावांचं जोरदार वाकडं होतं. एकमेकांची सावली पडू द्यायचे नाहीत. त्यातल्या एकाला दुसरा आंघोळ करताना दिसला. बिचारा पहाटे तोंड पाडून निघाला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘तू न्हात हुतास. बास.’ भांडण काही मिटलं नाही. पण गूळ देताना-घेताना दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं, आणि बेटावर माणसं एकत्र राहतात ती एवढ्यावरच राहतात असं माझं मत आहे. ग्रामपंचायत काठावर आहे.

पुण्याला गेलेली पोरं हल्ली स्वप्नं फोनवरून पाठवतात. ती चालतात का, यावर एकदा सगळं बेट जमलं. तेव्हा आक्का म्हणाली, ‘फोनवरचं सपान म्हंजे भिजल्याली काडेपेटी. हाय, पन पेटत न्हाय.’ आक्का ही बेटावरची सगळ्यांत वडीलधारी बाई. आमच्या शेजारीच राहते. स्वप्नांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

जिवंत माणसाचं स्वप्न असं हातोहात जातं. बसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. बसलेलं माणूस स्वतःच्या घरातल्या कुणाच्याही झोपेत येत नाही. आलं तर पाय निघणार नाही, परत जाणार नाही, म्हणतात. म्हणून ते शेजाऱ्यांच्या झोपेत येतं आणि शेजारी ते स्वप्न त्याच्या घरी पोचवतात. ओळखायची खूणही सोपी. स्वप्नात माणूस उभा दिसला तर तो जिवंत. मांडी घालून बसलेला दिसला तर गेलेला. मग तो कुठंही गेलेला असो, कुणाला कळलेलं असो वा नसो.

या खुणेवर माझ्या सासूबाईंचा सगळा जीव टांगलेला होता.

त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे मोठे दीर, माझ्या लग्नाआधीच सेंट्रिंगच्या कामाला म्हणून हैदराबादकडे गेला. वर्षभर फोन येत होते. मग नंबर बंद झाला. माझा नवरा दोनदा जाऊन शोधून आला, पोलिसांत कळवून झालं, ज्या मुकादमाबरोबर गेला होता त्यानं हात वर केले. भिंतीवर त्याचा फोटो होता, निळ्या शर्टातला. त्याला हार नव्हता. आत्या तो रोज पुसायच्या, आणि पुसताना मागच्या खिळ्यालाही हात लावून बघायच्या.

रोज सगळ्यांत आधी आमचं दार उघडायचं. आत्या उंबऱ्यावर बसायच्या. समोरून लोक एकमेकांकडे स्वप्नं घेऊन जायचे. कुणाची पावलं आमच्याकडे वळली की त्यांचा पदर घट्ट व्हायचा. कुणीतरी येऊन ‘तुमचा बसल्याला दिसला’ असं सांगेल, याची ही वाट होती की भीती होती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घराघरांतून चुलीचा धूर निघाला, लोकांची तोंडं धुऊन झाली, म्हणजे आज काही येत नाही हे ठरायचं. मग त्या उठायच्या आणि आमची चूल पेटायची. बेटावर सगळ्यांत उशिरा चहा आमच्या घरी व्हायचा.

त्या काळात मी त्यांची कुणी नव्हते. मला त्या नावानं हाक मारत नसत, सूनबाईही म्हणत नसत. ‘सोलापूरची’ म्हणत. ‘सोलापूरचीला भाकरी थापता येत न्हाय.’ ‘सोलापूरचीला पान्याचं भ्या वाटतंय.’ दोन्ही खरं होतं. मी शाळेचे गणवेश शिवायचं काम सोलापुरातून मागवत असे. होडीतून कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे, शिवून जायचे. त्या मशिनीच्या आवाजानं म्हणे बसलेल्यांची झोप मोडायची. मी कानाला खडा लावला होता, उत्तर द्यायचं नाही. पण मला वाईट वाटायचं. रोज वाटायचं.

आणि मलाच ते दिसलं.

होटगीचा फलाट. तिथल्या सिमेंटच्या बाकावर निळ्या शर्टातला माणूस मांडी घालून शेंगा सोलत बसलेला. टरफलं खाली टाकत नव्हता, खिशात ठेवत होता. गाडी आली, गेली. त्यानं वर पाहिलं नाही.

याचं कारण मी सांगू शकते. माझं अर्धं लहानपण त्या फलाटावर गेलं, आणि फोटो तर रोज डोळ्यांसमोर. डोक्यानं दोन्ही एकत्र शिवलं, मी बाह्या जोडते तसं. पण हे शहाणपण दुपारचं. पहाटे जाग आली तेव्हा तो बसलेला होता, एवढंच मला दिसत होतं.

बेटावर बऱ्याच घरांत उशाशी पाण्याचा तांब्या असतो. एखादं स्वप्न पोचवायला जीव धजत नसेल तर जाग आल्याबरोबर दोन घोट घ्यायचे. पाणी पोटात गेलं की स्वप्न गेलं, कुणाला काही द्यायचं उरत नाही. कुणाला काय दिसलं आणि कुणी काय गिळलं, हे त्या तांब्यांनाच ठाऊक. ही सोय मला पुढं समजली. तेव्हा ठाऊक नव्हती, म्हणून मी उठले, मागच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घालून पुढं आले आणि उंबऱ्यासमोर उभी राहिले.

आत्यांनी माझ्या कोरड्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मी सांगत असताना त्या पापणी न हलवता ऐकत होत्या. शेजारून आक्का आली. तिनं मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग ती आत्यांजवळ टेकली.

‘सून घरची कवा हुते?’ ती म्हणाली. ‘घरातल्या कुनाला तरी आपल्या हातानं माती देती तवा. हिनं अजून कुनाला दिली न्हाय. म्हंजे ही बाहेरचीच. सपान बाहेरनं आलंय, खरं हाय. तुजा पोरगा बसला, बाई. आता त्याचं कापड मातीत बसवू.’

अंग मिळालं नाही तर माणसाचं कापड पुरतात, तेही घडी उभी करून, बसवून.

‘ही घरची हाय,’ आत्या म्हणाल्या.

‘अगं, पन रीत—’

‘माजी लेक हाय ती. घरातलं सपान घरात ऱ्हाईल.’ आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पोरी, आत ये. चा टाक.’

मी आत गेले. त्यांनी मला गूळ दिला नाही, म्हणजे त्यांनी स्वप्न घेतलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझं घरातलं स्थान बदललं ते बदललंच. मी ‘पोरी’ झाले. देव्हाऱ्यातल्या लिंगाची पूजा माझ्याकडे आली. भाकरी फुटली तरी ‘चवीला ब्येस हाय की’ म्हणायला लागल्या. मशीन ओसरीतून आतल्या खोलीत, उजेडाच्या खिडकीजवळ त्यांनी स्वतः हलवली. मला आनंद झाला. मी मूर्ख नाही, तो कशाच्या बदल्यात मिळाला हे मला पुरतं ठाऊक होतं. मी घरची असेन तोवर त्यांचा मुलगा जिवंत होता. पण आयती मिळालेली माया कुणी परत करत नाही, मीही केली नाही. आणि पुढं पुढं ती खरीच झाली. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या माझ्या पायाशी बसून राहिल्या. तेव्हा त्यांच्या मनात मुलगा नव्हता, मीच होते, एवढं मला कळतं.

सकाळी उंबऱ्यावर बसणं मात्र थांबलं नाही.

मागच्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. मी त्यांना सोलापूरला दाखवून आणलं. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, जिने चढू नका म्हणाले. बेटावर जिने नाहीत. आठ-दहा दिवसांनी मी बटणं लावत होते तर शेजारी येऊन बसल्या.

‘पोरी, माज्याआदी त्याला बसवाय पायजे,’ त्या म्हणाल्या.

मी सुई थांबवली.

‘तो जर गेला आसंल, तर कुटंतरी ताटकळतच आसंल की. मातीत बसवल्याबिगर तितं कुनी कुनाला भेटत न्हाय. मी हितं जाऊन बसनार, आन् तो तसाच हिंडत ऱ्हानार. त्याला कोन वळखनार?’ मग म्हणाल्या, ‘तू चार दिस माहेरी जा. तितं नीज. तुज्या बापाच्या घरात पडल्यालं सपान बाहेरचंच की. आक्का काय म्हननार न्हाय.’

‘आणि नाही पडलं तर?’

‘जाऊन तर बग.’

मी गेले. आईनं माझं आवडतं सगळं केलं, भांडून आलीस का असंही विचारून घेतलं. मी वेळेवर झोपत होते. झोपताना तो फोटो आठवायचा, फलाट आठवायचा, शेंगा आठवायच्या. स्वप्नं पडायची ती गणवेशाच्या बटणांची, स्कूटर पंक्चर झाल्याची. एकदा आजी दिसली, भिंतीशी बोलत होती. तो एकदाही आला नाही. शेवटी मी मनाशी ठरवलं आणि पहाटेची पहिली एसटी धरली. तोंड न धुता, पाणी न घेता.

काठावर होडीवाला उभा होता, नवऱ्याचाच चुलतभाऊ. त्यानं नेहमीसारखी पाण्याची बाटली पुढं केली. मी मान हलवली. त्यानं बाटली परत ठेवली आणि होडी सोडली. ऊन चांगलं वर आलं होतं. बेटावर सगळ्यांची न्याहारी होऊन गेली होती. आमच्या घरातून धूर निघाला नव्हता. आत्या उंबऱ्यावर होत्या आणि आक्का त्यांच्या शेजारी.

मी बाहेर, अंगणात उभी राहिले. आणि जुनंच स्वप्न सांगितलं. होटगीचा फलाट, सिमेंटचा बाक, निळा शर्ट, मांडी, खिशात टाकलेली टरफलं. एक शब्द बदलला नाही. बदलायचा विचार रस्त्यात आला होता, पण खोटं सांगायचं तर निदान पडलेलं तरी सांगावं असं मला वाटलं.

दोघींनी ते याआधी ऐकलेलं होतं. आक्काला तर एकदा ऐकलेलं मरेपर्यंत विसरता येत नाही. ती खाली मातीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘व्हय. बाहेरनं आलंय.’

आत्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या हातावर गूळ ठेवला. त्यांचा हात मात्र माझ्या हातावरून निघेना. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी खरोखरच त्याला आत्ता, एवढ्यात भेटून आलेय.

‘बारीक झाला हुता का गं?’ त्यांनी विचारलं.

‘नाही आत्या,’ मी म्हणाले. ‘अंग धरलं होतं त्यांनी.’