अकरा खिडक्या

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, पुढे लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतं. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते तेही ठाऊक नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण एक गोष्ट दीड वर्ष पोटात ठेवून मी दमले आहे. वरण-भात झालाय, मुलं शाळेतून यायला दोन तास आहेत. तेवढ्यात लिहिते.

आता मी इथे आखातात, बिन महमूद नावाच्या वस्तीत एका पुण्याच्या कुटुंबात कामाला आहे. त्याआधी सात वर्षं एका अमेरिकन मॅडमकडे होते. मॅडम इथल्या एका शाळेत शिकवायच्या. एकट्या, साठीच्या पुढच्या, उंच. गुडघे माझ्यासारखेच दुखरे. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो. म्हणजे मोडकं माझं, त्या माझ्यासाठी आपलं मोडून घ्यायच्या. इथे सगळं मराठीत लिहिते.

मॅडमचं गाव पोलादाचं होतं. नदीच्या काठाने मैलभर भट्ट्या. लहानपणी वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची, म्हणून त्यांची आई चादरी दोनदा धुवायची. मग भट्ट्या बंद झाल्या. "पहिल्यांदा चादरी पांढऱ्या राहिल्या," मॅडम म्हणाल्या, "आणि त्या दिवशी आई दोरीखाली उभी राहून रडली."

मला हे समजावून सांगावं लागलं नाही. माझे वडील सोलापुरात गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते. आमची आई भोंग्यावर भात टाकायची. भोंगा थांबल्यावर कितीतरी दिवस तिचा भात कधी कच्चा राहायचा, कधी करपायचा. घरात घड्याळ होतं, पण तिला ते बघायची सवय नव्हती. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चष्मा खाली ठेवला.

"तुमच्याकडे आधी काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"चहावाला. मग सायकलवाला. मग डॉक्टर."

"आमच्याकडे आधी सिनेमा, मग दवाखाना, मग तरुण माणसं." पुढे म्हणाल्या, "आता माझ्या वडिलांच्या घराशेजारी हरणं राहतात. चांगले शेजारी आहेत. कर्कश गाणी लावत नाहीत."

हे बोलणं झालं त्याच वर्षी माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. मी काही मागितलं नव्हतं. मला मागता येत नाही, तोंडच उघडत नाही. पण भांडी घासताना माझ्या हातून दोन कप फुटले, तेव्हा मॅडमनी नळ बंद केला आणि खुर्चीत बसवून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ हजार रियाल दिले. घाई नाही म्हणाल्या. नवरा वाचला.

वर्षभराने मॅडमची नोकरी वयामुळे संपली. इथे नोकरी संपली की राहायची परवानगी संपते, मग कितीही वर्षं झालेली असोत. मला वाटलं, त्या कुठल्या तरी चांगल्या शहरात जातील. त्या म्हणाल्या, घरी जाते. वडिलांचं घर रिकामं पडून होतं. तिथल्या नगरपालिकेने ते पाडायच्या यादीत घातलं होतं. दारावर लाल फुली मारलेला फोटो त्यांनी मला दाखवला. पुढच्या वर्षीच्या थंडीआधी छत नीट, नळाला पाणी आणि सगळ्या खिडक्यांना काचा बसल्या, तर फुली पुसणार. एकाही खिडकीला फळी ठोकलेली दिसली तर घर पाडणार.

"तिथे राहतं कोण आता?" मी विचारलं.

"मी राहीन की."

जायच्या दिवशी माझ्याकडे बाराशे रियाल साठले होते. ते हातात द्यायचा मला धीर झाला नाही. देते म्हटलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या, मग हात पुढे, हात मागे, समोर शाळेच्या चार बायका उभ्या. माझ्याच्याने ते झालं नसतं. त्यांची एक निळी काचेची ताटली माझ्याकडे राहिली होती. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मी तळाला पैशांची पिशवी ठेवली, वर जाड कागद, त्यावर बेसनाचे लाडू. विमानात लाडू खातील आणि पैसे सापडतील, तेव्हा परत द्यायला मी समोर नसेन. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

विमानतळावरून मॅडमचा फोन आला. "लाडू बॅगेत मावले नाहीत गं. हारिसला दिले. सहाजण राहतात खोलीत, खूश झाले. तुला चालेल ना?"

हारिस म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, इथे तसंच म्हणतात.

"नो प्रॉब्लेम, मॅडम," मी म्हणाले.

मी खाली गेले. हारिस नेपाळचा, भला माणूस, मला दीदी म्हणायचा. त्याने ताटली धुऊन पुसून ठेवली होती. "लड्डू एक नंबर, दीदी! दस मिनट में खलास."

मी विचारलं, "कागज?"

"कागज तो सब फेंक दिया."

त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्यानंतर कचऱ्याची गाडीही येऊन गेली होती. आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, पण तो विचारणं म्हणजे सहाजणांवर आळ घेणं. मी शुक्रन म्हणून आभार मानले, ताटली घेतली आणि जिना चढले. चूक माझीच होती. हे मी ना नवऱ्याला सांगितलं ना मॅडमना. नऊ हजार होते ते नऊ हजारच राहिले.

नंतर मॅडमचे फोटो यायला लागले. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्या बोलून पाठवायच्या. पहिल्या फोटोत स्वयंपाकघराच्या फरशीतून झाड उगवलेलं. दुसऱ्यात झाड कापलेलं, शेजारी मॅडम कुऱ्हाड घेऊन. रस्त्यावर बारा घरं होती, त्यांतली सात पाडून गवत झालेलं. ते बघून मला तोंडातले दात पडल्यासारखं वाटलं.

पैसे पाठवते म्हटलं की त्या विषय बदलायच्या. सप्टेंबरात मात्र त्यांचा आवाज वेगळा आला. साठवलेलं सगळं छताला लागलं होतं. पेन्शनमध्ये जेमतेम जेवण आणि वीज भागत होती. "अकरा खिडक्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकेकीला तिकडचे सातशे सत्तर रियाल. अकरावी माळ्यावरची गोल आहे, तिला तेराशे. मोजून बघितलं, जमत नाही. बहुतेक घर जाणार."

मी तिथल्या तिथे फोन लावला. "विंडो आय सेंड," मी म्हणाले.

"तू माझं काही देणं लागत नाहीस."

"लागते."

एवढ्या जोरात मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. मग त्या हसल्या. "बरं बाई. मग पहिली स्वयंपाकघराची."

त्या महिन्यापासून मी पैसे पाठवायच्या एक्सचेंजच्या रांगेत उभी राहायला लागले. पगार अठराशे. त्यातला अर्धा सोलापूरला, औषधं आणि घरभाडं. उरलेल्यातून खिडकी. कमी पडलं की मजल्यावरच्या दोन घरांची इस्त्री घ्यायची. इस्त्रीने पाठ जायची. दुपारी सगळे झोपले की मी बाथरूममध्ये जाऊन पायांवर गार पाणी सोडायची. उन्हाळ्यात इथे गार नळातूनही गरमच येतं.

नवरा फोनवर म्हणायचा, "अमेरिकेला पैसे धाडणारी सोलापुरातली पयली बाई तूच असशील बघ. तिकडनं इकडं येतंय सगळं, तू उलटं काय करायलीस?"

"तुमच्या छातीत जे बसवलंय ना, त्याचेच आहेत ते."

"मग तिला म्हणावं एका खिडकीला माझं नाव घाल."

आमच्या गिरणीच्या जागेवर आता मोठमोठ्या इमारती झाल्यात. गेटवर जुन्या चिमणीचं चित्र काढलंय म्हणे, छान दिवे सोडलेत त्यावर. नवरा एकदा बघायला गेला तर आत सोडेनात. माझे वडील जिथे वीस वर्षं मागाशी उभे राहिले, तिथे जायला आता वहीत नाव लिहून कुणाकडे आलात ते सांगावं लागतं. गाव पुन्हा उभं राहिलं असं लोक म्हणतात, आणि राहिलंही असेल. पण जे गेले त्यांच्यातलं तिथे कुणी दिसत नाही. म्हणून मॅडम आपल्या गावाचं उत्साहाने सांगायला लागल्या की मी हूं हूं म्हणायची आणि मनात म्हणायची, बघू.

त्या सांगायच्या, कोपऱ्यावरच्या बंद बँकेत एका पोराने बेकरी काढली. आठवड्यातून तीनच दिवस उघडतो, पण रांग असते. समोरच्या घरात भूतानकडचं कुटुंब आलं, निर्वासित. त्यांनी मोडकं घर घेतलं, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे रंगवायला चढले. दारात मिरच्या वाळत घालतात. "त्यांनी मला वाटीभर काही तरी दिलं," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा तिखट. मला वाटलं मी मेले."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी आणखी मागितलं."

पण मागच्या गल्लीतली तीन घरं त्याच महिन्यात पाडली, हेही त्यांनीच सांगितलं. पहिली थंडी त्यांनी एका खोलीत काढली. बाकी खिडक्यांना प्लास्टिक. वारा आला की सगळं घर पापडासारखं वाजायचं. ते ऐकवायला त्यांनी फोन खिडकीशी धरला. मी इथे एसीखाली बसून ते ऐकलं आणि पुढच्या महिन्यात इस्त्रीचं तिसरं घर घेतलं.

उन्हाळ्यापर्यंत आठ खिडक्या झाल्या. मग पुण्याचं कुटुंब दोन महिने सुट्टीवर गेलं आणि मला अर्धा पगार मिळाला. त्यांचं चुकलं नव्हतं, तसं आधीच ठरलं होतं. पण खिडक्या थांबल्या. मॅडमनी एकदाही विचारलं नाही. मीच रोज कॅलेंडर बघायची. तिथला साहेब ऑक्टोबरात तपासायला येणार होता.

पुण्याच्या वहिनी परत आल्यावर मी धीर करून विचारलं, "गणपतीत कुणाला मोदक हवे असतील तर मी करू का? घरचं काम सांभाळून."

"अहो मावशी, बायका तुटून पडतील," वहिनी म्हणाल्या. मग माझ्या पायांकडे बघून, "पण तुम्हाला झेपेल का? आणि कुणासाठी करता एवढं? तुमची मुलगी तर नोकरीला लागली ना?"

"थोडं देणं आहे."

त्यांनी पुढे विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ग्रुपवर तीनशे मोदकांची मागणी आली. दोन दिवस मी उकड मळली. बोटांची टोकं भाजून पांढरी पडली, पाऱ्या वळताना काही कळेना झालं. वहिनींची धाकटी मुलगी मला नारळ पुढे करून द्यायची. ती मराठी समजते पण बोलते इंग्रजीत. "मावशी, यू लुक सो टायर्ड," म्हणाली. मी म्हटलं, "मग तू वळ." तिने वळलेला मोदक बसकट वांग्यासारखा झाला. तो तिनेच खाल्ला.

नववी आणि दहावी खिडकी एकदम गेली. राहिली गोल. ती ऑर्डर देऊन बनवावी लागत होती. बनवणारा निम्मे आधी घेणार होता, निम्मे बसवल्यावर. मी साडेसहाशे पाठवले. मग तीन आठवडे काही नाही. साहेब सोमवारी यायचा होता आणि शुक्रवारपर्यंत माळ्यावर फळीच होती. त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. वहिनींनी त्यात पाणी ओतलं.

शनिवारी खिडकी आली. बनवणाऱ्याची गाडी बंद पडली होती, म्हणून समोरच्या भूतानी घरातला मुलगा जाऊन घेऊन आला. बसवलीही त्याने आणि बेकरीवाल्याने मिळून.

सोमवारी आमच्याकडे संध्याकाळ होती तेव्हा मॅडमचा आवाज आला. साहेब वीस मिनिटं होता. नळ सोडून बघितला, छताखाली उभा राहिला, बाहेरून खिडक्या मोजल्या. मग सही केली. "माझ्या हातात कागद आहे," त्या म्हणाल्या. मला आनंद झाला, खरंच झाला, पण मी तो नंतर करायचा म्हणून ठेवून दिला. चपात्या राहिल्या होत्या. आणि ते घर उभं राहिलं म्हणून गाव उभं राहील का, हे मला अजून माहीत नाही. बारातली पाच घरं आहेत. त्यांतल्या चारांत दिवा लागतो.

पगार झाल्यावर शुक्रवारी मी एक्सचेंजमध्ये गेले. रांग मोठी होती, आमची माणसं, केरळची, नेपाळची, सगळी आपापल्या घरी पाठवायला उभी. माझा नंबर आला. मी नऊ हजारांतले शेवटचे साडेसहाशे काचेखालून सरकवले. काउंटरवरचा माणूस नवीन होता. त्याने कारण विचारलं, ते कॉम्प्युटरमध्ये भरावं लागतं. मग तोच म्हणाला, "फॅमिली के लिए लिखूं?"

"नहीं," मी म्हणाले. "उधार था. आज पूरा हो गया."

त्याने तसं लिहिलं आणि पावती माझ्या हातात दिली.