न दुखणारी बोटं

माझा धाकटा भाऊ बेकरीत भट्टीवर काम करतो. चाळिशी उलटल्यावर याला गिटार शिकायची हुक्की आली. बेकरीतल्या रेडिओवर इंग्रजी गाणी ऐकत आयुष्य गेलेलं. शब्द निम्मे चुकीचे, चाली मात्र पक्क्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गिटारमास्तर शिकवायला तयार झाले आणि माझ्या घरातली शांतता गेली.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तारा स्टीलच्या आहेत. बोटं दुखतील, सोलवटतील. मग घट्टे पडतात आणि काही जाणवत नाही."

हा बाबा काटा रुतला तरी घर डोक्यावर घेणारा. पण गिटारपुढे हूं की चूं नाही. "ताई, दुखतच नाही बघ! हात यासाठीच घडलाय माझा." मीही कौतुकाने चहा दिला. सगळ्यांच्या तोंडी असलेली ती जुनी गाणी तो तीन-चार कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांच्या जुळणीत, भराभर बसवत गेला.

मग आला एफ नावाचा कॉर्ड. यात पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. भलेभले इथे गिटार माळ्यावर टाकतात. हा मात्र दुपारभर तोच कॉर्ड दाबत बसला. मी पाहिलं तर तारांवर रक्त. बोट चिरलं होतं आणि साहेब मान डोलावत गात होते.

"अगं, घट्टे पडताना होतं असं," तो म्हणाला. मास्तर त्याच्यासाठी देवच झाले होते, त्यांच्या शब्दाबाहेर काही नाही.

परवा जेवताना त्याने मोठा विनोद म्हणून सांगितलं, की भट्टीतला तापलेला ट्रे फडक्याशिवाय उचलला. मालक किंचाळला तेव्हा कुठे खाली ठेवला. "आता फडकंही नको मला!" तो हसत होता. तळव्यावर हा एवढा फोड.

मी त्याचा हात ओढून पाहिला. फोड उजव्या हातावर होता.

"तारा तू डाव्या हाताने दाबतोस," मी म्हटलं. "उजव्या हाताला कुठले रे घट्टे?"

त्याचं हसू मावळलं. "डॉक्टरचं नाव काढू नकोस. भट्टीपासून लांब राहा म्हणाला तर खाऊ काय मी? गाणी?" एवढं बोलून तो गिटार घेऊन बसला. नखाएवढी ती प्लास्टिकची पट्टी, तारा छेडायची, बोटांतून सारखी निसटत होती. खाली पडली तरी हात तसाच फिरत राहायचा. मला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

मी मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि खिशातून तुटलेल्या तारेचा तुकडा काढला.

"डोळे मिट," ते म्हणाले. "हिचं टोक लागलं की सांगायचं."

भावाने शहाण्या मुलासारखे डोळे मिटून दोन्ही हात पुढे केले. मास्तरांनी घट्टे पडलेली डाव्या हाताची बोटं वगळली. मनगटावर टोक टेकवलं, मग उजव्या हाताच्या पाठीवर, मग करंगळीवर जोरात दाबलं. कातडी आत गेली. रक्ताचा थेंब वर आला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

भाऊ तसाच डोळे मिटून बसला होता.

"करा ना मास्तर," तो म्हणाला. "केव्हा सुरू करताय?"