फुटक्या कपाचं बूड

“पयले हातात घे, मंग नाव घे.” मावशीचं हे बोलणं आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. बाजारातला भोपळा असो की कुणाचं नवं बाळ, ती आधी हातात तोलून पाहायची, मगच तोंड उघडायची. अशी माणसं तुमच्याही गावात असतील.

ती आमच्या नात्यातली नव्हे. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीवर ती आणि माझी आई एकाच ढिगावर दगड निवडायला बसत. चांगला इकडे, टाकाऊ तिकडे. बाबांनी खोकल्यानं अंथरूण धरल्यावर आमची चूल त्या ढिगाच्याच जोरावर पेटायची. आईच्या नखांतली काळी धूळ आंघोळीनंही जात नसे. शाळेत पालकसभेला ती आली की मी तिला हात पदराखाली ठेवायला सांगायचे. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

मी बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं आणि शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. टेबलावर नंबर टाकलेले दगड होते, ओळखून नावं लिहायची होती. खाणीवरच्या घरातली मुलगी मी! काळा दिसला की लिहिलं मॅंगनीज. तीन काळ्या दगडांपुढे तीनदा तेच. त्यात एक लोखंडाचा होता, एक साधा बेसाल्ट.

आई म्हणाली, “अजून एक डाव बस. नाई जमलं तं ढिगावर माह्या बाजूले जागा हायेच.” रागानं नव्हे, थकून म्हणाली. म्हणूनच मला धडकी भरली.

मावशीला कळलं तशी ती रविवारी टोपलंभर दगड घेऊन आली.

“काय लिवलं वो तू?”

मी सांगितलं. ती एवढ्यानं हसली की दावणीची शेळी दचकली. “पोरी, तुह्या मायनं असं निवडलं असतं तं मुकादमानं दुसऱ्याच दिशी हाकललं असतं!”

माझ्याच ओढणीनं तिनं माझे डोळे बांधले आणि एकेक दगड तळहातावर ठेवत गेली. “जड का हलका? कडेनं बोट फिरव. घाई कायले करून राहिली?” मग डोळे सोडून एका फुटक्या कपाचं बूड पुढं सरकवलं. त्याच्या खरखरीत कडेवर दगड घासला की रेघ उठे. काळी रेघ, मॅंगनीज. विटकरी रेघ, लोखंड.

“वरून सारेच काळे, पोरी. घासल्यावर समजते कोन काय हाये ते.”

“पुस्तकात याला कस म्हणतात, मावशी.”

“मंग सोनाराचं अन् माह्यं शिक्षन एकच म्हना की!”

वहीत मी दोन रकाने पाडले. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे पुस्तकातले. चमकी म्हणजे अभ्रक, लोखंड्या म्हणजे हेमॅटाइट. तिला अशी गोडी लागली की खाणीतले दगड संपवून ती शेतातल्या मातीवर आली. कन्हार, मोरांड, सिहार अशा मातीच्या जाती आल्या. मग आभाळ आलं. सप्तर्षींसमोर तिनं ‘म्हातारीची खाट’ लिहायला लावलं. “ऋषी काहून म्हनतेत? खाटेचे चार पाय दिसत नाई का त्याइले?”

दुसऱ्या खेपेला बाहेरून आलेले परीक्षक माझ्यासमोरच उभे राहिले. मी पहिला दगड उचलला, डोळे मिटले, तोलला. शेजारचा मुलगा फिस्सकन हसला. मी रेघ ओढली, नाव लिहिलं. दुसरा. तिसरा. शेवटपर्यंत एकही चुकला नाही.

“ही पद्धत कुठं शिकलात?” सरांनी विचारलं.

“खाणीवर, सर. माझ्या आईच्या ढिगावर.” आणि हात टेबलावर तसेच ठेवले. बोटांना काळं लागलं होतं.

पदवीचा कागद घरी आला तेव्हा आईनं तो डोळ्यांना लावला. मावशीनं तळहातावर घेतला आणि तोलला. आम्ही दोघी बघत होतो.

“हलका हाये वो,” ती म्हणाली. “पर अस्सल हाये.”

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. कपाचं ते बूड आणि दोन रकान्यांची वही मी नोकरी करते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत. नवी मुलं त्या बुडावर रेघा ओढतात.

आई आता ढिगावर जात नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आहे.