पंचफुलाबाईंनी मठातून आणलेला नवरा

पंचफुलाबाई नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात डबे भरायच्या. लग्नाच्या सहाव्या वर्षी त्यांचा नवरा शालिकराम घर सोडून गेला आणि सातपुड्यातल्या डोंगरावरच्या जुन्या मठात गोसावी झाला. मूलबाळ नव्हतं. दर माघात मठाची जत्रा भरे. पंचफुलाबाई साडेचारशे पायऱ्या चढत आणि पंगतीत वाढणाऱ्या नवऱ्याला लांबून पाहून परत येत. घरच्या माणसाशी बोलायचं नाही, असा मठाचा नियम होता.

आठ वर्षांनी, १९७४च्या उन्हाळ्यात मठाचं कार्ड आलं. शालिकरामला क्षय झाला आहे, घेऊन जा.

भाऊ चंद्रभान सोबत गेला. शालिकराम पडवीत पोत्यावर पडला होता. नुसती हाडं उरली होती.

"आठ वर्षं यानं तुले विचारलं नाही," चंद्रभान म्हणाला. "आता काहून नेतं वं?"

"इथं कोणी पाणीबी देऊन नाही राहिलं, दादा. ओठ पाह्य त्याचे."

पायऱ्यांवरून डोली उतरेना, म्हणून डोलीवाले जंगलातल्या सहा मैलांच्या वळणवाटेनं निघाले. एका मोहाखाली डोली टेकवली, तेव्हा शालिकरामनं डोळे उघडले.

"माय, कोणत्या गावची तू?"

"नागपूरची," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडात पाणी सोडलं.

पुढच्या नाल्याशी पोचेपर्यंत त्याचा जीव गेला.

गोसाव्याला जाळत नाहीत, पुरून समाधी देतात. मठात जागा मागायला चंद्रभान धापा टाकत पुन्हा वर गेला. महंतांनी दारातूनच सांगितलं, "त्याचं नाव आम्ही कमी केलं." नाल्याशी आलेले खालच्या गावचे पाटील म्हणाले, "भगव्यातल्या माणसाले आमच्या शिवारात आग नाही देत." ऊन कलायला लागलं. माशा बसू लागल्या.

पंचफुलाबाईंनी त्याची भगवी कफनी उतरवली, दगडावर ठेवली आणि पिशवीतलं आपलं दुसरं लुगडं त्याच्यावर पांघरलं.

"आता त भगवा नाही ना?"

पाटील गावाकडे निघून गेले. डोलीवाल्यांनीच लाकडं गोळा केली. चंद्रभान पुढे झाला, पण आग पंचफुलाबाईंनी दिली.

परतीच्या एस्टीत भावानं विचारलं, "मी तुही बायको हावो, असं काहून नाही सांगतलं?"

"शरमला असता. मरणाऱ्याले काय शरमवायचं?"

पाचव्या दिवशी त्या कामावर गेल्या. त्यांच्या जागेवर दुसरी बाई डबे भरत होती.