सातवी ‘ब’चा माइक

घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोलायला सांगितलं. माझ्यासमोर चाळीसेक मुलं बसायची आणि डोक्यावर चार पंखे फिरायचे. चेन्नईत अड्यारच्या आमच्या शाळेत त्याच वर्षी पदराला लावायचे वायरलेस माइक आले होते, म्हणून माझं शिकवणं तेवढ्यापुरतं वाचलं. प्रिन्सिपल मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “दिवाळीपर्यंत बघू. माइकवर जमलं तर वर्ग तुमचा. नाहीतर लायब्ररी.”

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

माइक चार्ज करायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत याद्या करणारी मीच. प्रत्येक माइक आपापल्या वर्गातल्या स्पीकरशीच जोडलेला. दुसरीकडे नेला तर मुका. म्हणून माइक ठेवून चार्ज करायच्या डब्यांवर नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके दिले. शाळा सुटली की वॉचमन मेन स्विच बंद करतो, त्यामुळे डब्या सकाळी प्रार्थनेआधी चार्जिंगला लावायच्या, दिवा हिरवा झाला की काढायच्या. वर्गाबाहेर पडताना बटण बंद.

“नवऱ्याचा डबा एखादे दिवशी चुकेल हिचा,” फिजिक्सच्या मिस म्हणायच्या, “पण याला उपाशी ठेवणार नाही.”

“नवरा गुम्मिडिपूंडीला फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये जेवतो. याला कोण आहे?” मी म्हणायचे.

सगळ्या हसायच्या. मीही हसल्यासारखं करायचे.

आपली खंडेनवमी ती इकडची आयुधपूजा. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेची बस, घंटा, कॉम्प्युटर, स्टेपलरसुद्धा पुसून सगळ्यांना चंदन-कुंकू लावतात. आमच्या मजल्यावरची झाडलोट बघणाऱ्या आयाम्मा माइकच्या डब्या पूजेला घेऊन गेल्या. पूजेत मांडलेल्या वस्तूला मग कुणी हात लावत नाही. मी प्रसादाचे चुरमुरे आणि हरभऱ्याच्या सुंडलची पुडी घेऊन घरी आले.

सुट्टीनंतर पहिल्याच तासाला मॅडम माझा वर्ग बघायला येणार होत्या. मी लवकर जाऊन डब्या लावल्या. बाकी सगळ्यांचे दिवे लागले, सातवी ‘ब’चा, म्हणजे माझा, लागला नाही. इतर डब्यांच्या झाकणांवर चंदनाचं एकेक बोट होतं. ही उघडली तर आतल्या चार्जिंगच्या पिनांवर चंदन थापलेलं, वाळून कडक झालेलं.

आयाम्मा मागे बादली घेऊन उभ्या होत्या. “तुमच्याला मी जास्त लावलं मिस. आतूनसुद्धा. तुमचा आवाज यावा म्हणून.”

“बरं केलंत,” मी म्हटलं.

त्या गेल्यावर कापसाला स्पिरिट लावून पिना पुसत बसले. दिवा लागला, पण लाल, आणि प्रार्थनेची घंटा झाली.

मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. धडा वातावरणाच्या थरांचा होता. दुसऱ्या थरापर्यंत पोचले आणि स्पीकर बंद पडला. मी आवाज चढवून बघितला. तो मधेच फाटला.

“केक्कलै मिस!” मागून कुणीतरी ओरडलं. ऐकू येत नाही.

“मिसचा टॉवर गेला!”

वर्ग हसला. उरलेला धडा मी फळ्यावर लिहिला. मुलांनी उतरवून घेतला.

“काय झालं?” बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं.

“चार्ज झाला नव्हता.”

“चार्जिंग तुमच्याकडेच आहे ना?”

“हो.”

त्या थांबल्या, मी आणखी काही सांगेन असं त्यांना वाटलं असावं. आयाम्मा हाकेच्या अंतरावर व्हरांडा पुसत होत्या. चंदनाचं सांगितलं असतं तर मॅडमनी त्यांना तिथल्या तिथे बोलावलं असतं, आणि मग आयाम्मांनाही कळलं असतं.

“वाईट वाटून घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “आज हे झालं, उद्या लाइट जाईल. घसा तुमचाच आहे.”

“बरं.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “सुटलीस बघ. घसा तरी राहील.” मी कुकर लावला.

दिवाळीनंतर सातवी ‘ब’ला नवीन मिस आल्या. मी डबी घेऊन गेले तर म्हणाल्या, “नको मॅम, माझा आवाज पोचतो.” मी त्यांना बटण कुठे आहे ते दाखवलं आणि डबी टेबलावर ठेवून आले.

लायब्ररीत मी विषयवार चिठ्ठ्या लावून घेतल्या. फाटकी पुस्तकं बाइंडिंगला दिली. एकदा सातवी ‘ब’ची एक मुलगी पुस्तक परत करायला आली आणि घुटमळली.

“नवीन मिस खूप ओरडतात, मिस.”

“शेवटच्या बाकावर ऐकू येतं?”

“येतं.”

“मग झालं,” मी म्हटलं, आणि तिच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.